ग्रॅनी खोटं बोलली का?

किंग्जपोर्ट, टेनेसी

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या डीएनए चाचणीचा निकाल मी तीन वेळा वाचला. माझ्याकडून आलेला भारतीय वाटा त्यात अपेक्षेप्रमाणे आहे. बाबांकडून इंग्लंड-आयर्लंड आले आहे, पश्चिम आफ्रिकेचा एक लहानसा अंश आला आहे, आणि ग्रॅनी, म्हणजे बाबांची आई, ज्याला आपले मूळ म्हणायची त्या पोर्तुगालचा मात्र मागमूस नाही. त्याखाली तू एकच ओळ लिहिली आहेस, "मग ग्रॅनी आयुष्यभर खोटं बोलली का?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईत देणे मला बरे वाटले नाही.

तू जन्मलास त्या दिवशी ग्रॅनीने तुला हातात घेतले आणि तोंड पाहण्याआधी आपला तळहात तुझ्या डोक्यामागे नेला. मानेच्या वर जिथे कवटी संपते तिथला उंचवटा तिने बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "आमचाच आहे." बाबांनाही तो आहे. ग्रॅनीच्या मेलंजन लोकांत, म्हणजे इथल्या डोंगरांतल्या मिश्रवंशीय घराण्यांत, पुष्कळ जण या हाडाला पूर्वजांची खूण मानतात आणि त्यावरून थेट तुर्कस्तानाशी नाते जोडतात. खरे पाहता मानेचा अस्थिबंध तिथे जोडलेला असतो, त्यामुळे तो उंचवटा जगातल्या प्रत्येक माणसाला असतो, पुरुषांत बहुधा जास्त ठळक असतो, आणि त्यावरून कुणाचेही कूळ ठरत नाही. पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवली की लागणारी खोलगट, फावड्यासारखी घडण थोडी अधिक बोलकी आहे, कारण ती पूर्व आशियातील आणि मूळ अमेरिकी लोकांत पुष्कळ आढळते; पण एकट्या दातावरून वंश सांगणे म्हणजे एका शितावरून साऱ्या पंगतीची परीक्षा करण्यासारखे आहे. तू बाबांच्या वळणावर गेला आहेस, एवढेच ते हाड सांगते.

आता 'पोर्तुगीज' या शब्दाकडे येते. मी सावंतवाडीची, म्हणजे गोव्याच्या शेजारची, हे कळल्यावर ग्रॅनीला केवढा आनंद झाला होता! "म्हणजे तुला पोर्तुगीज माणसं ठाऊक आहेत," असे म्हणून तिने मला जवळ बसवून घेतले. मला तेव्हा त्या आनंदाचे कारण कळले नाही. ते कळण्यासाठी तिच्या पूर्वजांना कायद्याने कसे वागवले हे वाचावे लागले.

व्हर्जिनियात 1662 साली असा कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचे ठरेल. गोऱ्या मोलकरणीला आफ्रिकी पुरुषापासून झालेले मूल त्यामुळे गुलाम न ठरता स्वतंत्र राहिले. अशी स्वतंत्र कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत अठराव्या शतकाच्या अखेरीस डोंगरांत आली आणि आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवरच्या हॅनकॉक काउंटीत, न्यूमन्स रिजवर आणि तिच्या पायथ्याच्या वार्डीच्या खोऱ्यात स्थिरावली. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मलिन्स, बंच ही त्यांची आडनावे. 2012 साली वर्तमानपत्रांतून गाजलेल्या डीएनए अभ्यासातही हेच दिसले, की त्यांच्या पितृवंशाच्या रेषा बऱ्याच ठिकाणी आफ्रिकेकडे जातात आणि मातृवंशाच्या युरोपकडे. तुझा निकाल याच्याशी जुळतो. 'मेलंजन' हा शब्द 1813 सालच्या, स्टोनी क्रीक येथील चर्चच्या नोंदवहीत सापडतो, आणि तिथेही तो दूषण म्हणूनच आला आहे.

टेनेसीच्या 1834 च्या राज्यघटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला आणि पुढे 1846 साली यांच्यापैकी काही जणांवर बेकायदा मतदान केल्याचे खटले भरले गेले. ज्यूरीने काहींना निर्दोष सोडले, पण आपण कोण आहोत याचे उत्तर चुकले तर मत जाते, साक्ष जाते, लग्न बेकायदा ठरते, हे लोकांना कायमचे कळले. 1870 च्या दशकात चॅटनूगा येथे एका मुलीचा वारसाहक्क याच प्रश्नावर अडला होता. तिचे वकील लुईस शेफर्ड यांनी तिच्या आईचे लोक प्राचीन कार्थेजचे, पोर्तुगालमार्गे आलेले, असे मांडले आणि खटला जिंकला. निनाद, त्या काळी 'पोर्तुगीज' या एका शब्दावर माणसाची जमीन टिकत होती.

ग्रॅनीचा जन्म 1930 च्या दशकातला, राज्याच्या सीमेपलीकडच्या ली काउंटीतला, आणि माहेरचे नाव गोइन्स. व्हर्जिनियात 1924 पासून वांशिक शुद्धतेचा कायदा होता आणि जन्ममृत्यूच्या नोंदी वॉल्टर प्लेकर या अधिकाऱ्याच्या हाती होत्या. 1943 साली त्याने काउंटीवार आडनावांची यादी काढून सगळ्या कारकुनांना पाठवली की हे लोक गोरे म्हणवून घेतील, त्यांना तसे नोंदवू नका. ली काउंटीच्या आडनावांत गोइन्स होते आणि त्यापुढे 'मुख्यतः टेनेसीचे मेलंजन' असा शेरा होता. तेव्हा ग्रॅनी शाळकरी मुलगी होती. पुढे कितीतरी वर्षे तिने आपल्या जन्मदाखल्याची नक्कल मागितली नाही. मी कारण विचारले तेव्हा तिने विषय बदलला.

जुलैच्या उन्हात ती घेवड्याच्या वाफ्यात खुरपणी करताना तुला आठवते ना? मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणे, कपाळावर पुढे आलेले कापडी बॉनेट. तू तिच्याभोवती उघडा हिंडायचास आणि ती दर पाच मिनिटांनी तुला सावलीत पिटाळायची. उन्हाने तुला त्रास होईल म्हणून, असे मी समजत होते. एकदा तिने तुझा रापलेला दंड आपल्या दंडाशेजारी धरला, थोडा वेळ पाहिला आणि काही न बोलता तुझी बाही खाली ओढली. ती बाही आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की ग्रॅनी खोटे बोलली नाही. तिला आईने जे सांगितले तेच तिने तुला सांगितले. ते पहिल्यांदा सांगितले त्याने मात्र मुले वाचवण्यासाठी सांगितले असणार, असे मी पुरावा नसतानाही मानते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण इथे न शोधणे म्हणजे त्या आफ्रिकी पूर्वजाला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणे होईल, आणि ते मला मान्य नाही.

तू जी वंशावळ तयार करतो आहेस तिच्यात चाचणीने आणि कागदपत्रांनी जे सिद्ध झाले तेच मुख्य नोंदीत लिही. ग्रॅनीच्या नावाखालचा 'पोर्तुगीज' हा शब्द मात्र खोडू नकोस. त्याच्यापुढे लिही की हे तिच्या आईने तिला ली काउंटीत सांगितले होते, आणि 1943 ची ती यादी त्या पानाला जोड.

तुझी,
आई