बाबांच्या डाव्या पायासाठी

लीड्स, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

पक्षाघातानंतर बाबांना अहमदाबादला नेऊन मशीनवर चालवायचं म्हणून तू वहिनीच्या पाटल्या मोडायला निघालास, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. थांब. अमेरिकेत पक्षाघाताच्या ४०८ रुग्णांवर नेमकी हीच तुलना झाली. २०११ साली निकाल आला. काहींना पट्ट्यांनी अंगाचा भार उचलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींकडे फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घेतले. वर्षाने दोन्हीकडची सुधारणा सारखीच निघाली. तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी येणारा फिजिओ बंद करू नकोस. पैसा तिथे घाल.

तू पाठवलेल्या व्हिडिओत बाबा उठताना सगळा भार उजव्या पायावर घेतात. डाव्याला काम पडलंच नाही तर मेंदू ते पुन्हा शिकणार कुठून? खुर्चीवरून उठण्याआधी डावं पाऊल जरा मागे घ्यायला सांग, भार आपसूक त्यावर येतो. घाई नको, पण पुन्हा पुन्हा हवं. मग ओट्यापाशी उभं करायचं, उजवा हात नुसता टेकलेला, आणि डब्या डावीकडे ठेवायच्या म्हणजे घ्यायला त्या बाजूला झुकावंच लागेल. मागे खुर्ची हवीच. वहिनी, डबी तुम्ही उचलून देऊ नका. बघवत नाही, मला कळतं, पण त्यांचं त्यांना करू द्या.

पुण्याहून आत्या येईल तिलाही हे वाचायला दे. डावा हात धरून ओढायचं नाही, खांदा आधीच सैल आहे. त्यांच्या डाव्या बाजूला, किंचित मागे उभं राहून कमरेचा पट्टा धरायचा. काठी उजव्या हातात. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. वळताना तोल फार जातो, म्हणून लहान पावलं टाकत वळायचं. आणि झोपाळ्यावर तूर्त बसवू नका. उठताना तो मागे सरकतो. त्यांना वाईट वाटेल, तरीही.

सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो, पण नंतरही सराव केला तर चाल सुधारते. मी इथे माझ्या रुग्णांत रोज बघते.

त्यांना कमाटीबागेतल्या सकाळच्या मंडळींत जायचंय ना? घराबाहेर नीट फिरायला सेकंदाला साधारण ०.८ मीटर वेग लागतो, म्हणजे दहा मीटर साडेबारा सेकंदांत. ओसरीबाहेर खडूने दहा मीटर आखून घे आणि दर रविवारी वेळ लिही. फिजिओ सोबत असतानाच, बूट घालून. चपला नकोत.

पुढचा व्हिडिओ बाजूने काढ, पावलं दिसू देत. आत्या आली की वहिनीला दुपारी झोपू दे.

तुझी,
माई