जिप्समच्या जमिनीवर पाणी सोडण्याआधी खड्डा खणून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला थरच्या वाळवंटावरचा लेख आवडीने वाचला. कालव्यामुळे पालटलेली गावे लेखकाने मन लावून रंगवली आहेत. पण तिथल्या मातीत जिप्सम (कॅल्शियम आणि सल्फेट यांचे मऊ, पांढरे खनिज) भरपूर असल्यामुळे ती मुळातच कसदार आहे आणि उणीव आहे ती फक्त पाण्याची, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. ते वाचून स्वस्थ बसवेना. माझी नोकरी माती सर्वेक्षणात गेली. खड्डा खणायचा, आत उतरायचे आणि थर वाचायचे, हेच काम. म्हणून हे पत्र.

गैरसमज कुठून येतो ते मला ठाऊक आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली, जमीन सुधारायला आपण जिप्समच्या गोण्या टाकतो. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावून लावतो, माती मोकळी होते, पाणी मुरते आणि चर काढलेले असतील तर सोडियम धुऊन जातो. औषध उत्तम आहे, यात शंका नाही. हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या लाखो हेक्टर ऊसर, म्हणजे अशाच सोडियमने नापीक झालेल्या, जमिनी याच जिप्समने लागवडीखाली आल्या, आणि ते बहुतांशी राजस्थानातूनच येते. पण गोणीतून हेक्टरी काही टन टाकलेले जिप्सम वेगळे आणि जमिनीचा तिसरा हिस्सा किंवा निम्मा भागच जिप्समचा असणे वेगळे. लेखात या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत.

अशी जमीन तयार कशी होते? वाळवंटातला ओढा किंवा नदी डोंगरातून, जुन्या खडकांतून क्षार विरघळवून आणते आणि सपाट गाळमैदानात येऊन पसरते. पुढे समुद्र नाही, वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचा बसण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी चुनखडी, मग जिप्सम, सर्वांत शेवटी मीठ. म्हणून अशा मैदानात कडेकडेने कंकर (चुनखडीचे खडे), त्याच्या आत जिप्सम आणि अगदी खोलगट भागात मिठाची पांढरी साय असे पट्टे पुष्कळदा दिसतात. आपल्याकडच्या पावसात जिप्सम बहुतेक ठिकाणी वरच्या थरांत टिकत नाही, धुऊन खाली जाते. जिथे वर्षाला 200-250 मिलिमीटरच पाऊस पडतो तिथे ते वरच्या मीटर-दोन मीटरमध्येच अडकते आणि हजारो वर्षे साठत राहते. जगात अशा जमिनी सुमारे 10 कोटी हेक्टर आहेत. इराक, सीरिया, सोमालिया, नामिबिया, स्पेनमधले एब्रो नदीचे खोरे, मध्य आशिया, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग ही त्यांची मुख्य ठिकाणे. आपल्याकडे बीकानेर, नागौर, जैसलमेर, बाडमेर, श्रीगंगानगर, हनुमानगड या जिल्ह्यांत जिप्समचे साठे आहेत. सिंदरीचा खत कारखाना 1951 साली सुरू झाला तेव्हा त्याला लागणारे जिप्सम बीकानेरजवळच्या जामसरहूनच जायचे.

खड्ड्यात उतरलात की हे जिप्सम किती रूपांत भेटते ते पाहावे. कुठे मुळांच्या जुन्या वाटांमधून पांढरे बारीक धागे, कुठे खड्यांच्या फक्त खालच्या बाजूला लोंबणारे स्फटिक, कुठे पिठासारखा भुसभुशीत थर ज्यात पहार सहज जाते, तर कुठे इतका घट्ट जमलेला तवा की पहार उडून परत येते. ओळखण्याची रीत सोपी आहे. नखाने ओरखडा उठतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर चुनखडी फसफसते, जिप्सम फसफसत नाही. दिसायला दोन्ही पांढरे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये.

आता कसाचे बोलू. जिप्समचा कण अन्नद्रव्य धरून ठेवत नाही, ते काम चिकणमातीचे आणि सेंद्रिय पदार्थाचे. जितका वाटा जिप्समचा वाढेल तितका त्यांचा घटतो. कॅल्शियम इतका वरचढ होतो की पिकाला पोटॅश आणि मॅग्नेशियम घेताना ओढाताण होते, आणि स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन मुळांना मिळेनासा होतो. थोडे जिप्सम असले तर बिघडत नाही, उलट मातीची घडण सुधारते. ढोबळमानाने 25 टक्क्यांपर्यंत गहू, जव, लसूणघास ही पिके तग धरतात. त्यापुढे उत्पादन घसरत जाते, आणि घट्ट तवा वर आलेला असेल तर मुळे तिथेच आडवी वळतात. रानटी झाडांची गोष्ट निराळी. स्पेनमधल्या एका छोट्या झुडपावर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की उन्हाळ्यात ते आपल्या पाण्यातला बहुतांश वाटा जिप्समच्या स्फटिकात बांधलेल्या पाण्यातून घेते. त्या झुडपाने हे साधले आहे. गव्हाला ते जमत नाही.

माझ्या काळजीचा खरा विषय मात्र पाणी हा आहे. एक लिटर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून हिशोब मांडतो. एक हेक्टरला 10 सेंटिमीटर पाणी दिले म्हणजे 10 लाख लिटर झाले. ते सगळे जिप्समच्या थरातून झिरपून गेले तर जास्तीत जास्त अडीच टन जिप्सम घेऊन जाईल. हेक्टरभर पसरलेला हा ऱ्हास जेमतेम केसाच्या जाडीएवढा, डोळ्यांना दिसणार नाही. पण तेवढेच पाणी कालव्याच्या अस्तरातल्या एका भेगेतून एकाच जागी झिरपत राहिले तर त्या भेगेखाली घनमीटरभर पोकळी होते. अस्तर वरून शाबूत दिसते आणि एके दिवशी खचते. मग पाणी आणखी जोरात जाते, पोकळी आणखी वाढते. पाणी मुळात खारट असेल तर जिप्सम याहूनही अधिक विरघळते.

ही कल्पनेतली भीती नाही. सीरियात युफ्रेटिसच्या खोऱ्यात 1970 च्या दशकात मोठी सिंचन योजना हाती घेतली, तेव्हा जिप्समच्या जमिनीत कालवे खचले, फुटले, आणि ठरवलेले क्षेत्र कमी करावे लागले. इराकमधले मोसूल धरण तर जिप्समयुक्त खडकावरच बांधलेले आहे. पायाखालचे जिप्सम विरघळते म्हणून 1986 पासून तिथे सिमेंटचे मिश्रण भरत राहावे लागले. शिवाय जिप्सममधले सल्फेट साध्या सिमेंटच्या काँक्रीटला आतून फोडते. त्यामुळे अशा जागी पाया, पाट, खांब, काहीही घालताना सल्फेटरोधक सिमेंट वापरावे लागते. आखातात आणि राजस्थानात कामाला गेलेल्या आपल्या मराठी अभियंत्यांना हे अनुभवाने माहीत असेलच.

आपल्याच देशात, 1958 मध्ये काम सुरू झालेल्या आणि पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने वाळवंटाला पाणी दिले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरवले. पण हनुमानगड, सुरतगड भागात, घग्गर नदीच्या जुन्या गाळमैदानात, भूजल वर आले आणि शेते चिबड झाली. तिथले शेतकरी त्याला 'सेम' म्हणतात. कालव्याची झिरप, घग्गरचे वळवलेले पूर, भरमसाट ओलित अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्यांतच जमिनीखालचे चिकणमाती, कंकर आणि काही भागांत जिप्समचे घट्ट थर आहेत, जे पाण्याला खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे भुसभुशीत जिप्सम खचते आणि घट्ट जिप्सम निचरा अडवते. दोन्ही संकटे एकाच तालुक्यात, कधी एकाच शेताच्या दोन टोकांना.

या थराशी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली माणसेही तिथे आहेत, आणि लेखात त्यांचा उल्लेख नाही याचे वाईट वाटले. चुरू, बीकानेर, जैसलमेर, बाडमेरमध्ये काही पट्ट्यांत वाळूखाली खडिया पट्टी, म्हणजे याच जिप्समचा पांढरा थर, आडवी पसरलेली असते. खालचे भूजल खारे. पण पावसाचे जे थोडे गोडे पाणी वाळूत मुरते ते या पट्टीवर अडते आणि खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. लोक तिथे अगदी अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. वाळूतली ओल थेंबाथेंबाने तिच्यात उतरते, दिवसाला दोन-तीन घागरी. पट्टीला छेद जाऊ नये याची खबरदारी घेऊन ती खणली जाते, कारण पट्टी फुटली तर पाणी गेले. थर कुठे आहे, किती खोल आहे, हे आधी जाणून घेण्याची ही रीत मोठमोठ्या योजनांनी त्या खणणाऱ्यांकडून शिकायला हवी होती.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण आजही अहवाल याने चुकतात. मातीतली ओल मोजायला नमुना 105 अंश सेल्सिअसला वाळवतात. जिप्समच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी स्फटिकातच बांधलेले असते आणि एवढ्या उष्णतेला ते सुटू लागते. 40 टक्के जिप्सम असलेल्या नमुन्यात अशी 6 ते 8 टक्के ओल मोजली जाऊ शकते, जी पिकाच्या कधीच कामाची नव्हती. अशा मातीसाठी भट्टी 60 अंशांच्या आत ठेवावी लागते. त्या आकड्यांवर पाण्याच्या पाळ्या ठरतात, म्हणून हा तपशील लहान नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. वाळवंट हिरवे करण्याच्या योजनांवर पुढे लिहाल तेव्हा वार्ताहराने अधिकाऱ्यांना एवढे जरूर विचारावे: दोन मीटर खोलीपर्यंत मातीचे खड्डे घेतले का, प्रत्येक थरात जिप्सम किती टक्के निघाले आणि निचऱ्याचे पाणी कुठे सोडणार? दुसरी विनंती आपल्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांसाठी. माती परीक्षण करून, शिफारशीइतकेच जिप्सम टाका आणि आधी चर काढा, असे त्याच पुरवणीत ठळक छापावे. पेरणीपूर्वीचे दिवस जवळ आले आहेत आणि दुकानांत गोण्या येऊन पडल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त माती सर्वेक्षक, अकोला