अण्णा, त्या गंजक्या पत्र्यावरून मागे ओढलंत म्हणून

अण्णा, वणक्कम.

माझं तमिळ इथेच संपतं, तेव्हा पुढचं मराठीत. तुमची नात मोबाईलवर भाषांतर करून तुम्हाला वाचून दाखवणार आहे. काही भलतंच ऐकू आलं तर दोष माझा, तिचा नाही.

कोलार गोल्ड फील्ड्समधल्या मारिकुप्पम स्टेशनला उतरलो तेव्हा फलाट रिकामा होता. पहाटेच्या गाड्यांनी निम्मं गाव बंगळूरला कामावर गेलेलं. माझ्या गळ्यात कॅमेरा आणि डोक्यात 'पडक्या सोन्याच्या खाणी'. चॅम्पियन रीफ खाणीच्या बाजूला घाणेरीच्या झुडपांत एक गंजका पत्रा दिसला. त्यावर उभं राहिलं की मागचा लोखंडी मनोरा फोटोत पुरा मावत होता. एक पाय ठेवला आणि कुणीतरी पाठीवरची सॅक अशी खेचली की मी सपशेल आडवा. ते तुम्ही. काही न बोलता तुम्ही काठीने पत्र्यावर ठोकलंत. आवाज खालून आला, आणि बराच वेळ येत राहिला.

आभार तिथेच मानायला हवे होते. मी मात्र लेन्स फुटली का ते बघत बसलो! तरी तुम्ही मला चहाला घरी नेलंत.

घरात वीज नव्हती. हातपंख्याने वारा घेत तुम्ही सांगितलंत की १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरून इथल्या खाणींसाठी आली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे त्यानंतर तीन वर्षांनी लागले. मग बंद दिव्याकडे बोट दाखवून तुम्हीच खो खो हसलात. माझ्यातला मराठी माणूस गप्प बसेना. कोलार शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे मी मोठ्या तोऱ्यात सुनावलं. 'ते वर होते,' तुम्ही म्हणालात, 'आम्ही खाली.'

ते 'खाली' म्हणजे किती, हे मी वाचून आलो होतो. तीन किलोमीटरहून जास्त. तिथला खडक साठ अंशांच्या पुढे तापलेला, थंड हवा वरून सोडावी लागायची. पण रॉक बर्स्ट म्हणजे काय, ते तुमच्या घरात कळलं. वरच्या दाबाने खडक बार उडावा तसा फुटायचा, जमीन हादरायची आणि फळीवरची भांडी खाली यायची. तुमची आई भांडी उचलायला जात नसे. आधी दारात जाऊन उभी राहायची. सगळ्या लाइनीतल्या बायका तशाच आपापल्या दारात. आज कोण कुठल्या पाळीला गेलंय, ते एकमेकींना विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. हे सांगताना तुम्ही आपल्या दोघांमधला स्टीलचा पेला उचलून बाजूला ठेवलात, उगाचच.

मी मुंबईचा म्हटल्यावर तुम्हाला टीआयएफआरचे, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक आठवले. १९६५ साली त्यांनी जपानी आणि इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर याच खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. असे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपले गेले ते त्याच वर्षी. तुमच्या वडिलांना एवढंच माहीत होतं की बॉम्बेची पोरं खाली काहीतरी मोजतात आणि ते सोनं नाही. 'मग उतरता कशाला?' हा त्यांचा प्रश्न मला अजून फार आवडतो.

१८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने हात घातल्यापासून इथून सुमारे आठशे टन सोनं निघालं म्हणतात. तुमच्या घरात त्यातलं काही दिसलं नाही. दिसला तो तुमच्या वडिलांचा पितळी बिल्ला, वापरून वापरून आकडा पुसट झालेला. खाली जाताना घ्यायचा, वर आल्यावर परत द्यायचा. हा परत द्यायचा का राहिला, ते मी विचारलं नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, त्या दिवसाबद्दलही तुम्ही बोलला नाहीत. पाणी वर चढत असेल, एवढंच म्हणालात. उपसायला कोणी नाही ना.

संध्याकाळी तुम्ही सायनाइडच्या टेकड्या, म्हणजे सायनाइडने सोनं काढून उरलेल्या भुकटीचे ढीग, लांबूनच दाखवल्यात. वारा सुटला तशी शेजारच्या बाईंनी दोरीवरचे कपडे भराभर आत घेतले. त्या राखाडी टेकड्यांचे फोटो काढायलाच मी एवढ्या लांब आलो होतो. एकही काढला नाही.

तुम्ही दिलेला वडिलांच्या टोळीचा जुना फोटो स्कॅन करून मोठा केला आहे, सोबत पाठवतोय. मूळ प्रत वेगळ्या पाकिटात आहे, जाड पुठ्ठ्यात घालून. डावीकडून तिसरे ते तुमचे वडील. त्यांच्या कमरेला बिल्ला लटकतोय. मोठ्या प्रतीत शेवटचे दोन आकडे वाचता येतात, ४ आणि ७. तुमच्याकडच्या बिल्ल्यावर हेच आहेत का, ते नातीला सांगून कळवा.

तुमचा,
पत्र्यावरचा मूर्ख