आमची तिकिटं काढू नकोस

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय विजू,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मे महिन्यात आम्ही आलो की काय काय करायचं याचा तुझा बेत, मागून अन्वीचं ओरडणं, आणि शेवटी तू घाईत म्हणालीस ते: "ऑर्लँडोच्या सीवर्ल्डची तिकिटं काढतेय गं, ओजसला ओर्का दाखवायचाच आहे."

विजू, समुद्री प्राण्यांचे खेळ दाखवणाऱ्या त्या पार्कची तिकिटं काढू नकोस. निदान आमची तरी नको.

फोनवर हे सांगितलं असतं, तर तू "का गं?" म्हणाली असतीस आणि मी दोन वाक्यांत उरकलं असतं. म्हणून, आज माझा दातांचा दवाखाना बंद आहे तर, कागद घेऊन बसलेय. ओजसच्या खोलीत ओर्काचं, त्या महाकाय डॉल्फिनचं, चित्र लावलेलं आहे, शाळेत त्यानं सगळ्यांना सांगूनही टाकलंय. त्यामुळे हा नकार मला सोपा नाही.

सुरुवात दातांपासून झाली. गेल्या पावसाळ्यात ओजसच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघं फोटो शोधत होतो. एका फोटोत ओर्कानं जबडा उघडला होता. ओजस म्हणाला, "आई, ह्याचे दात असे कसे?" खालचे पुढचे दात हिरडीपर्यंत झिजलेले आणि प्रत्येकाच्या मधोमध काळं भोक. ती कीड नव्हती. किडीच्या भोकाला अशी गोल, नेमकी कड नसते. पंचवीस वर्षं हेच काम करतेय, ड्रिलनं पाडलेलं भोक मला ओळखू येतं.

मग वाचत गेले. ओर्काला चाळीस ते छप्पन दात असतात. टाकीतला ओर्का सिमेंटच्या कडा चावतो, दोन टाक्यांमधली लोखंडी दारं चावतो. दात झिजतो, तुटतो, आतली नस उघडी पडते. तिथं पू होऊ नये म्हणून दाताला भोक पाडून नस काढतात. आपण माणसाचं रूट कॅनाल करतो तेव्हा पोकळी स्वच्छ करून भरतो, वर कॅप बसवतो, आणि पेशंट घरी जाऊन जेवतो. यांच्या दातांची भोकं उघडीच राहतात. त्यात अन्न अडकतं, म्हणून ती रोज जंतुनाशकाची पिचकारी मारून धुवावी लागतात. २०१७ साली २९ बंदिस्त ओर्कांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचंही तोंड धड निघालं नाही. खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या दातांपैकी निम्म्याहून जास्त दातांवर ड्रिलच्या खुणा होत्या.

समुद्रातल्या काही ओर्कांचेही दात झिजतात, हे खरं. शार्कची खरखरीत कातडी फाडून खाणाऱ्यांचे तर फारच झिजतात. पण ती झीज पोटासाठी आहे. दार चावून कुणाचं पोट भरत नाही.

माझ्याकडे पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार येतात. झोपेत दात खातात, दाढा सपाट झाल्यात. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "कारखाना बंद पडल्यापासनं हे सुरू झालंय, डॉक्टर." मी त्यांना रात्री घालायला गार्ड करून दिला. पुढे दुसरीकडे काम मिळालं, आणि दातांचं खाणंही बरंच कमी झालं. लोखंडी दार चावणाऱ्या ओर्काच्या दातांचा फोटो बघताना मला तेच गृहस्थ आठवत होते.

तू पाठवलेल्या व्हिडिओतही एक गोष्ट आहे, पुन्हा बघ. मोठ्या नराचा पाठीवरचा पर एका बाजूला पडलाय. समुद्रात तो पर सहा फुटांपर्यंत सरळ उभा असतो. टाकीतल्या जवळजवळ सगळ्याच प्रौढ नरांचा तो असा कोसळतो. समुद्रात हे क्वचितच दिसतं.

आणि ज्या जागी तू आम्हाला नेणार आहेस, तिथंच तिलिकुम नावाचा ओर्का होता. १९८३ साली आइसलँडजवळ त्याला पकडलं, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. आधी त्याला कॅनडात व्हिक्टोरियाला ठेवलं. रात्री त्याला दोन मोठ्या माद्यांबरोबर एका लहान, अंधाऱ्या टाकीत कोंडायचे. त्या त्याला दातांनी ओरबाडायच्या आणि त्याला पळायला जागा नसायची. १९९१ साली तिथली एक तरुण प्रशिक्षक पाण्यात पडली. तिन्ही ओर्कांनी तिला वर येऊ दिलं नाही. पुढच्याच वर्षी तिलिकुमला ऑर्लँडोला आणलं. १९९९ साली रात्री आत शिरलेला एक माणूस सकाळी त्याच्या पाठीवर मृत सापडला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी डॉन ब्रॅन्शो गेली, त्याच्याच तावडीत. चाळीस वर्षांची, तिथल्या सर्वांत अनुभवी प्रशिक्षकांपैकी एक. प्रेक्षक अजून बसलेले होते.

बंदिस्त ओर्कांनी आजवर चार माणसांचे जीव घेतले. मोकळ्या समुद्रात ओर्कानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही. इंग्रजीत त्याला खुनी देवमासा म्हणतात, आणि तो देवमासाही नाही, डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. डॉनच्या मृत्यूनंतर प्रकरण कोर्टात गेलं. प्रशिक्षकांनी शोमध्ये ओर्काबरोबर पाण्यात उतरायचं नाही, यावर २०१४ साली वरच्या कोर्टानंही शिक्कामोर्तब केलं. माणसांचा धोका असा कमी केला. तिलिकुम मात्र त्याच जागी राहिला, जानेवारी २०१७ मध्ये मरेपर्यंत. त्याच्यापासून वीसच्या वर पिल्लं जन्माला घातली होती, त्यांतली बरीच त्याचं वीर्य काढून.

मला त्या प्रशिक्षकांचा राग येत नाही, विजू. डॉनचा जीव होता त्या प्राण्यांवर. आणि मला सगळ्यात जास्त तेच छळतं. कारण प्रेम तर आपणही केलं होतं.

आमच्या बाळीवेशीतल्या वाड्यातला आड आठवतो ना? आणि आडातलं कासव? आजी त्याला लक्ष्मी म्हणायची. पाणी स्वच्छ राहतं म्हणून कुणीतरी कधीकाळी सोडलेलं. शाळेतून आलं की आपण दोघी कठड्यावर पोट टेकून चुरमुरे टाकायचो. ते खालून वर यायचं, चुरमुरे टिपायचं, आणि मग कडेकडेनं फिरायला लागायचं. गोल, एकाच बाजूनं. आपण त्याच्या फेऱ्या मोजायचो. तू एकदा शंभरापर्यंत मोजल्यास आणि माझ्याकडून बोरं जिंकलीस. आपल्याला वाटायचं, ते खेळतंय.

चौथीच्या उन्हाळ्यात आड आटला. आजोबांनी माणूस उतरवून कासव वर काढलं आणि अंगणात ठेवलं. त्याच्या पुढच्या एका पायाची नखं पार घासून गेली होती. दगडाकडचा पाय तो. दुसऱ्या पायाची नखं लांब होती. आजी बराच वेळ ते पाय बघत राहिली. मग आत निघून गेली आणि पुन्हा तिच्या तोंडी लक्ष्मी हा शब्द मी ऐकला नाही. आजोबांनी ओलं पोतं गुंडाळून त्याला सायकलवर बांधलं, मला पुढच्या दांडीवर बसवलं आणि आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो. तू मावशीकडे अक्कलकोटला गेली होतीस, म्हणून तुला ते बघायला मिळालं नाही. परत आल्यावर तू विचारलंस आणि मी म्हटलं, "गेलं पोहत." ते खरं नव्हतं. ते काठावर चिखलात बसून राहिलं. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. ते हललं नाही. शेवटी आजोबा म्हणाले, "आपण असेपर्यंत नाही जायचं ते," आणि आम्ही निघालो. इतकी वर्षं मी तुला खरं सांगितलं नव्हतं.

टोकिताए नावाच्या ओर्का मादीबद्दल वाचलं तेव्हा मला तो आड दिसला. ८ ऑगस्ट १९७० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पेन कोव्ह नावाच्या खाडीत, बोटी आणि स्फोटकांच्या आवाजानं ओर्कांचे कळप कोंडून सात पिल्लं विकायला काढली. त्या गडबडीत जाळ्यात अडकून पाच ओर्का बुडाले. लोकांना कळू नये म्हणून त्यांच्या देहांना वजनं बांधून तळाशी सोडलं. टोकिताए त्या सात पिल्लांतली. तुमच्याच फ्लोरिडात, मायामीला, तिनं पन्नासहून अधिक वर्षं काढली. टाकी जास्तीत जास्त वीस फूट खोल, आणि तिची स्वतःची लांबी जवळपास तेवढीच. तिच्याबरोबर ह्यूगो नावाचा नर होता. तो टाकीच्या भिंतीवर डोकं आपटायचा. १९८० साली मेंदूतली रक्तवाहिनी फुटून मेला. त्यानंतर तिला दुसरा ओर्का कधी भेटला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये तिला तिच्या समुद्रात परत नेण्याची योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये ती मेली.

समुद्रातले तिचे नातलग कसे राहतात, ते कळल्यावर हे आणखी सोसवत नाही. तिच्या कुळात मुलगे-मुली जन्मभर आईच्या कळपात राहतात. म्हातारी आजी सामन माशांच्या मागावर पुढे असते. प्रत्येक कळपाची आपली बोली असते, आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते तशी. २०१८ मध्ये त्याच समुद्रात एका मादीचं पिल्लू जन्मल्यावर लगेच मेलं, तर ती सतरा दिवस ते डोक्यावर तोलत पोहत होती. असल्या प्राण्याचं पिल्लू आईपासून तोडून कुठल्या तरी गावी विकणं, आणि मग "आम्ही त्याला वेळेवर मासे देतो, डॉक्टर ठेवलेत" म्हणणं. विजू, डॉक्टर मीही आहे. दुखणं जिथून येतं ती जागाच बदलता येत नसेल, तर माझं औषध रोज पिचकारी मारण्यापुरतंच उरतं.

तू म्हणशील, आता ते पकडत नाहीत. खरंय. सीवर्ल्डनं २०१६ साली पैदासही थांबवली. कॅनडानं २०१९ मध्ये कायदाच केला. आपल्याकडे तर २०१३ सालीच केंद्र सरकारनं डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली. त्या पत्रकात डॉल्फिनांकडे 'मानवेतर व्यक्ती' म्हणून बघावं, असा विचार मांडला होता. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

तू हेही म्हणशील की आत्ता जे टाकीत आहेत त्यांना कुठे सोडणार? हा प्रश्न मला अडवतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. केइको नावाच्या ओर्काला सिनेमामुळे प्रसिद्धी मिळाली, लोकांनी पैसे जमवले, त्याला १९९८ मध्ये आइसलँडला नेलं. २००२ साली तो मोकळा पोहत नॉर्वेपर्यंत गेला, आणि तिथं माणसंच शोधत राहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये न्यूमोनियानं गेला. जो जन्मलाच टाकीत, त्याला दार उघडून समुद्रात ढकलणं हीही क्रूरताच होईल. पण समुद्राचीच एखादी खाडी जाळीनं बंद करून तिथं त्यांना ठेवता येईल, तशा जागा तयार करायचे प्रयत्न चाललेत. तिथंही त्यांना माणसांनीच खाऊ घालावं लागेल. त्या कामाला मी पैसे द्यायला तयार आहे. शोला नाही. टाळ्या वाजणाऱ्या जागी आपण बसलो, की ती टाकी आपल्यासाठीच आहे, हे मला विसरता येणार नाही.

आणि मुलांना जवळून बघितल्याशिवाय प्रेम कसं वाटणार, हे तू मागे म्हणाली होतीस. तर नान्नज आठव. सहावीची सहल, माळढोक बघायला. दिवसभर उन्हात गवताकडे डोळे लावून बसलो, आणि संध्याकाळी लांबवर एक ठिपका मान उंचावून चालत गेला. दुर्बीण आपल्या हातात येईपर्यंत नाहीसाही झाला. तो ठिपका तू अजून विसरली नाहीस. अमेरिकेतून दर दोन वर्षांनी मला विचारतेस, "माळढोक आहेत का गं अजून?" आता जवळपास दिसतच नाहीत, विजू. पण तू विचारतेस.

ओजसला मी हे सगळं सांगितलंय. दातांचं त्यानं स्वतःच बघितलं होतं, आडाचं काल सांगितलं. तो रडला थोडा. मग म्हणाला, "मग आपण तिथं जाऊन काय बघायचं?"

तर माझी विनंती आहे. तुझ्या टॅम्पापासून तासाभरावर सारासोटा आहे ना? तिथल्या खाडीतल्या डॉल्फिनांचा अभ्यास १९७० पासून चालू आहे, जगात इतका जुना दुसरा नाही. म्हणजे ज्या वर्षी टोकिताएला उचललं, त्याच वर्षी इथं कुणीतरी डॉल्फिनांच्या नोंदी ठेवायला लागलं. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यात आहेत. आपण सकाळी लवकर निघू आणि किनाऱ्यावर बसू. दिवसभर बसू. दिसले तर दिसले.

डबा मी करीन. कडक भाकरी प्रवासात टिकतात, त्या इथूनच आणते. शेंगा चटणी किती आणू ते कळव, आणि अन्वीला तिखट चालतं का तेही.

तुझी,
माधुरी