कुत्रा मोकाट, कोंबड्या कोंडलेल्या

माननीय संपादक,

गोराई गावात आमच्या परसात गावठी कोंबड्या आहेत. शेजाऱ्यांचा पाळलेला, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा दिवसभर मोकाट फिरतो. परवा त्याने खुडूक कोंबडी अंड्यांवरून ओढून मारली. अंडी गार पडून वाया गेली. मालक म्हणतात, ‘खेळतो हो तो!’ सासूबाई अंडी विकून नातीच्या वह्या-पुस्तकांना हातभार लावतात. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

खुराड्याला पातळ षटकोनी जाळी लावून भागत नाही, कुत्रा ती दातांनी फाडतो. जाड तारेची वेल्डेड जाळी लागते, तीही खाली हातभर पुरलेली, कारण तो कडेने माती उकरतो. एवढं आम्ही केलं. पण कोंबडी दिवसा बाहेर चरणारच, तिला जन्मभर कोंडायचं का?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार पाळीव कुत्र्यासाठी परवाना लागतो. विभाग कार्यालयाने गावठाणांत येऊन तो तपासावा. (भटक्या कुत्र्यांबद्दल माझी तक्रार नाही.) शेजाऱ्यांनी कुत्रा साखळीनेच फिरवावा, एरवी बांधावा आणि मेलेल्या कोंबडीची भरपाई द्यावी.

— एक गृहिणी, गोराई, मुंबई