बोटांचं काय म्हणालीस?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा गाडी हलता हलता बोललीस, "बाबा, रात्री बोटं बधिर होतात." मी काही विचारणार तोवर डबा पुढे गेला. डॉक्टरकडे गेलीस का? उपदेश करायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तू गेल्यावर आई शोकेस पुसायला निघाली, मी हात लावू दिला नाही. तू घडलेले कागदाचे कुत्रे आहेत ना त्यात: पग, डॅशहुंड, ताठ कानांचा जर्मन शेफर्ड आणि तो कारवानी, पोट आत ओढलेलं, थेट आपल्या टिपूसारखं. टिपू गेला त्याच आठवड्यात तू पहिला कुत्रा घडलास. परीक्षा तोंडावर आली आणि कागदं काहून नासतेस म्हणून मी ओरडलो होतो. ते मला अजून टोचतं.

प्रेसमध्ये 31 वर्षं बायंडिंग केलं मी. कागद तीनदा मोडला की पुस्तकाचा सोळा पानी फर्मा, एवढं ठाऊक. तू म्हणालीस, चौकोनाला कोपरे चार आणि कुत्र्याला टोकं आठ. पाय चार, कान दोन, तोंड, शेपूट. उरलेली चार कागदाच्या कडेतून नाहीतर मधूनच काढावी लागतात. त्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी चौकोन घेऊन बसलो होतो. चार पाय निघाले, पुढे काही जमेना.

मे महिन्यातला पग आठवतो? जाड कागद ओलसर करून घडत होतीस. कूलरच्या वाऱ्याने तो घडी बसायच्या आत वाळायचा, म्हणून 45 अंशात कूलर बंद. आई पदराने वारा घेत होती आणि तू पगच्या कपाळावरची एकेक सुरकुती बोटाने उठवत होतीस. वाळल्यावर ती तशीच कडक राहिली. ही रीत अकिरा योशिझावांची, तूच सांगितलंस. कारखान्यातली नोकरी सोडून कागदाच्या मागे लागलेला माणूस. 1911 साली जन्मले, 2005 साली गेले. तू मात्र नोकरी सोडू नकोस, निदान घराचे हप्ते फिटेपर्यंत. लागलो ना सांगायला. माफ कर बेटा.

पण बोटांचं ऐक. माझंही असंच सुरू झालं होतं. आधी रात्री मुंग्या, मग सकाळी कप हातातून सुटायचा. मालक म्हणाले, होईल बरं. मीही तेच धरून बसलो. आज शर्टाचं वरचं बटण तुझी आई लावते, हे तू पाहतेसच. घडी नखाने दाबू नकोस. माझी हाडाची पट्टी तुझ्या बॅगेत टाकली आहे, कपड्यांच्या खाली, ती वापर. अर्ध्या तासाने हात मोकळा सोड. रात्री दोनपर्यंत बसू नकोस.

आत्याने जर्मन शेफर्ड मागितला. मी दिला नाही. शेजारी कोणी आलं की मीच दिवा लावून एकेक दाखवतो, हा डॅशहुंड, हा पग.

हात उजवा की डावा, ते तू सांगितलंच नाहीस. तेवढं आज कळव.

तुझा,
बाबा