प्रश्न नीट मांडायला शिकवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण वेब डेव्हलपमेंट शिकताना आपल्याकडून मला जे मिळाले, ते कोणत्याही अभ्यासक्रमाच्या अनुक्रमणिकेत सापडत नाही. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचे रूप) आणि जावास्क्रिप्ट (त्याचे वागणे) शिकवणारे साहित्य भरपूर उपलब्ध आहे. टॅग (पानाचे भाग सांगणाऱ्या खुणा) कोणते, फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कसे लिहावे, हे सारे त्यातून कळते. मात्र लिहिलेला कोड चालेनासा झाला की पुढे काय करायचे, हे कळण्यासाठी शेजारी कोणीतरी बसावे लागते. आपण स्वतःची कामे बाजूला ठेवून बसलात, आणि तरीही उत्तर मात्र सांगितले नाहीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

उत्तर न सांगण्याची ती पद्धत सुरुवातीला मला जाचत असे. ‘चालत नाही’ असे मी म्हटले की आपण शांतपणे विचारत असा : काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि कन्सोलमध्ये (ब्राउझर चुकांचे संदेश दाखवतो त्या खिडकीत) काय लिहून आले आहे? कन्सोलमधली लाल अक्षरे तोवर मला कोणी खडसावल्यासारखी वाटत आणि मी ती न वाचताच पान पुन्हा लोड करत असे. त्या संदेशात फाइलचे नाव असते, ओळीचा क्रमांक असतो आणि नेमकी कोणती गोष्ट ‘अनडिफाइन्ड’ (मूल्य न दिलेली) निघाली याचा बहुधा सुगावाही असतो, हे आपण एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लावलेत. पुढे पुढे तर आपल्याला पाठवायचा प्रश्न टंकता टंकताच दोष सापडू लागला आणि तो प्रश्न पाठवण्याची गरजच उरली नाही.

मोबाइलवर आडव्या सरकणाऱ्या त्या पानाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगतो. रकान्याला शंभर टक्के रुंदी होती, दोन्ही बाजूंना 20 पिक्सेलचे पॅडिंग (आशय आणि कडा यांमधली मोकळी जागा) होते आणि पान पडद्याबाहेर जात होते. सीएसएसमधल्या बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्यावी, म्हणजे पॅडिंगही रुंदीतच धरले जाते, हा एका ओळीचा उपाय आपल्याला अर्थातच ठाऊक होता. तरी आपण मला ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स (पानाची रचना तपासण्याची साधने) उघडायला लावून कर्सर त्या रकान्यावर न्यायला सांगितलेत. आशयाचा निळा भाग एकट्यानेच सगळी रुंदी व्यापून बसला होता आणि पॅडिंगच्या हिरव्या पट्ट्या त्याच्या दोन्ही अंगांना बाहेर लोंबत होत्या. सीएसएसमध्ये रुंदी म्हणजे मुळात फक्त आशयाची रुंदी, पॅडिंग आणि बॉर्डर तिच्यात वरून मिळवली जाते आणि म्हणून पान बरोबर 40 पिक्सेलने वाढले, हे मला डोळ्यांनी दिसले. त्यानंतर मांडणी बिघडली की आकडे अंदाजाने कमी-जास्त करत बसण्याची माझी सवय सुटली.

जावास्क्रिप्टशी माझे सूत जुळायला बराच वेळ लागला. 10, 9 आणि 1 हे आकडे सॉर्ट केले (क्रमाने लावले) असता 1, 10, 9 असा क्रम आला तेव्हा हे काम माझ्या आवाक्यातले नाही, अशीच माझी खात्री झाली होती. आपण भाषेच्या दस्तऐवजातले एकच वाक्य वाचून दाखवायला सांगितलेत : तुलना करणारे फंक्शन दिले नाही, तर मूल्यांची तुलना आकडे म्हणून नव्हे, तर अक्षरांची ओळ (स्ट्रिंग) समजून केली जाते. मग आपण या भाषेचा इतिहास सांगितलात. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये तिचा पहिला नमुना साधारण दहा दिवसांत तयार केला. नल या ‘काहीच नाही’ असे दर्शवणाऱ्या मूल्याचा प्रकार विचारला असता ती आजही ‘ऑब्जेक्ट’ असे उत्तर देते, कारण ही जुनी चूक दुरुस्त केली तर अगोदरच चालू असलेली असंख्य पाने मोडतील. ज्या भाषेला स्वतःच्या चुका अशा सांभाळून घ्याव्या लागतात, तिच्यापुढे मी एवढे दबून का जावे, असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले. (सॉर्टचा मला अजूनही थोडा राग आहे, हे जाता जाता नोंदवतो.)

आपण लावलेली आणखी एक शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. पान तयार झाले की आपण माउस बाजूला ठेवायला लावत असा आणि केवळ टॅब व एंटर या कळांनी फॉर्म भरायला सांगत असा. डिव्हला (नुसती चौकट आखणाऱ्या टॅगला) रंग आणि गोलाई देऊन केलेले दिसायला देखणे बटन त्या परीक्षेत हमखास नापास होई, कारण टॅबचा फोकस त्यावर थांबतच नसे. खरा बटन टॅग वापरला की तीच सोय आपसूक मिळे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान 4.5 : 1 असावे, हा सुगम्यतेचा (पान सर्वांना वापरता येण्याचा) निकष मी तोवर ऐकलाही नव्हता. माझ्यासारखाच पडदा, माझ्यासारखीच नजर आणि माझ्यासारखाच हात प्रत्येकाला असतो, असे गृहीत धरून मी काम करत होतो, हे त्या शिस्तीमुळे लक्षात आले.

या सगळ्याचा परिणाम कोडपुरता राहिला नाही. पूर्वी चर्चेत अपरिचित शब्द आला की मी मान डोलावून वेळ मारून नेत असे. आता ‘हे मला माहीत नाही, तपासून सांगतो’ असे म्हणताना जीभ अडखळत नाही. कोणी माझा कोड तपासून शेरे लिहिले की पूर्वी मन खट्टू होई; आता आधी शेरा पूर्ण वाचतो, मग पटला नाही तर कारण देऊन वाद घालतो. आपल्याशीही दोनदा-तीनदा घातला आहे आणि आपण तो मनापासून ऐकून घेतलात, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत.

सध्या मी सर्व्हरच्या बाजूचे काम शिकत आहे. लॉगिन आणि सेशन (लॉगिन केलेल्याची सर्व्हरने ठेवलेली ओळख) यांच्यासंबंधी एक शंका आहे. काय अपेक्षित होते, काय घडले आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) काय दिसते, हे लिहून काढले आहे. तरीही ती सुटली नाही, तर येत्या आठवड्यात आपल्याला पाठवीन.

आपला नम्र,
एक विद्यार्थी